उपचारात्मक घोडेस्वारी: पहिल्या दिवशी मदतीला उभं राहण्याआधी

शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेलं एक मूल घोड्यावर बसतं तेव्हा खाली तीन माणसं चालत असतात. एक घोडा धरणारा आणि दोन बाजूंना दोन सोबती. चार मुलांचा वर्ग घ्यायचा म्हटला की १२ माणसं आणि शिवाय शिकवणारा प्रशिक्षक. त्यामुळे केंद्रांना घोड्यांइतकीच, बहुधा घोड्यांपेक्षा जास्त, माणसांची चणचण असते. घोडेस्वारी येत नसेल तरी ही कामं करता येतात. उलट, बऱ्यापैकी घोडेस्वारी येणाऱ्यांना ती आधी जमत नाहीत, कारण घोडा पायांनी आणि लगामाने चालवायची सवय असलेल्या माणसाला जमिनीवर गप्प चालणं जड जातं.

आधी दोन शब्दांतला फरक. हिप्पोथेरपी ही फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ यांनी द्यायची उपचारपद्धत. त्यात घोडा हे साधन असतं आणि मुलाने घोडा चालवायला शिकावं अशी अपेक्षा नसते. थेरप्युटिक रायडिंगमध्ये मात्र प्रशिक्षक मुलाला घोडेस्वारीच शिकवतो, फक्त त्याच्या शरीराला आणि समजेला जमेल अशा पद्धतीने. आपलं केंद्र यातलं काय देतं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. थेरपिस्ट नसलेल्या ठिकाणी ‘उपचार’ हा शब्द जपून वापरलेला बरा.

या कामाला आजचं रूप यायला एक डॅनिश बाई मोठं निमित्त झाल्या. लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालची ताकद गेली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत) रौप्यपदक मिळवलं, तेही घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत घेऊन. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ आणि अमेरिकेत आज ‘पाथ इंटरनॅशनल’ नावाने ओळखली जाणारी संस्था सुरू झाली. जगभरची केंद्रं ज्या पद्धती पाळतात त्यातल्या बऱ्याचशा या दोघींकडून आल्या आहेत.

घोड्याची चाल नेमकं काय करते

कदम चालीत (म्हणजे घोडा साधा, सावकाश चालतो तेव्हा) घोड्याची पाठ एकाच वेळी तीन दिशांनी हलते: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, आणि थोडी पिळल्यासारखी. माणूस चालताना त्याचं कंबरेचं हाड जसं हलतं त्याच्या हे खूप जवळ जातं. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेलं नाही त्याच्या कंबरेला आणि पाठीला मिनिटाला शंभराच्या आसपास असे हेलकावे मिळतात. प्रत्येक हेलकाव्यानंतर धड पुन्हा मध्यावर आणावं लागतं आणि व्यायाम तोच. लांब, संथ पावलांनी ताठरलेले स्नायू सैलावतात. आखूड, चटपटीत पावलांनी लुळं पडलेलं धड जागं होतं. म्हणून दुडकी नको, भरधाव तर नकोच. जवळपास सगळं काम कदम चालीतच होतं. घोडा धरणाऱ्याने चालीचा ठेका मोडला की उपचारच मोडतो.

कागद आधी, घोडा नंतर

डॉक्टरांचं पत्र नसेल तर मूल घोड्यावर बसत नाही, मग पालक कितीही लांबून आलेले असोत. मदतनीसाने हे कागद तपासायचे नसतात, पण काय पाहिलं जातं ते माहीत असावं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असण्याचा धोका असतो, म्हणून मानेची तपासणी झाल्याशिवाय त्यांना घेत नाहीत आणि ती तपासणी दर वर्षी पुन्हा होते. आटोक्यात नसलेल्या फिट्स, निखळणारा खुब्याचा सांधा, ३० अंशांपुढे गेलेला पाठीचा बाक, ठिसूळ हाडं, बसायच्या जागेवरची उघडी जखम, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया या सगळ्यांत थांबावं लागतं किंवा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. थेरप्युटिक रायडिंगसाठी ४ वर्षं आणि थेरपिस्टच्या हाताखालच्या हिप्पोथेरपीसाठी २ वर्षं ही वयाची खालची मर्यादा सहसा धरतात.

तुमच्यासाठी कागद एकच: धनुर्वाताची लस कधी घेतली त्याची नोंद. पागेच्या मातीत त्याचे जंतू असतातच.

कोणता घोडा चालतो

अडेलतट्टू नको आणि उधळणाराही नको, एवढं सगळ्यांनाच कळतं. नेमकं सांगायचं तर उंची साधारण १३ ते १५ हात (एक हात म्हणजे ४ इंच), वय ८ वर्षांच्या पुढे, शक्यतो खच्ची केलेला नर किंवा थंड डोक्याची घोडी, चारही पायांवर सारखा भार टाकणारा. घोडा जरा लंगडत असेल तर तेच लंगडणं मुलाच्या कंबरेत जातं.

रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड पुण्या-मुंबईत स्वस्तात, कधी फुकटही मिळतात आणि नवी केंद्रं त्याला भुलतात. या घोड्यांना आयुष्यभर ‘सुटायला’ शिकवलेलं असतं. बाजूला दोन माणसं चिकटून चालताहेत आणि वर कुणीतरी ओरडतंय हे त्यांना पचायला महिनोन्‌महिने लागतात, काहींना कधीच पचत नाही. वरातीचा घोडा बँडला बुजत नाही हे खरं, पण तोंडातल्या कडीने जखमी झालेला आणि माणसाच्या हाताला वैतागलेला असू शकतो. धनगरांच्या बिऱ्हाडाची ओझी वाहणारा भीमथडी जातीचा ठेंगणा, काटक घोडा बांध्याने या कामाला जवळचा वाटतो, पण जात बघून घोडा ठरत नाही. त्याच्या अंगाशी कुबड्या आपटून, वरून चेंडू टाकून, चाकाची खुर्ची फिरवून, रंगीत छत्री उघडून पाहावं. त्याने दचकावं, पण जागेवरच दचकावं.

वजनाचा हिशेब मात्र पक्का हवा. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या भागाच्या) टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे किलो. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर घोडा ३२३ किलोचा. खोगिरासकट त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं चालतं असा सर्वसाधारण नियम. ते झाले ६४ किलो. पण तोल न सांभाळता येणारा स्वार घोड्याच्या पाठीला त्याच्या वजनापेक्षा जड लागतो, म्हणून इथे १५ टक्के धरावेत, म्हणजे ४८ किलो. त्यातून ७ किलोचं खोगीर वजा केलं की ४१ किलोचा स्वार उरतो. वाढत्या वयाची मुलं दर तीन महिन्यांनी पुन्हा तोलावीत. हा आकडा ओलांडला गेल्याचं बहुतेक वेळा घोडा चावायला लागल्यावर लक्षात येतं.

पाठीची रुंदीही पाहा. सेरेब्रल पाल्सीच्या ज्या मुलाच्या मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात त्याला पिंपासारख्या रुंद घोड्यावर बसवलं तर खुबे दुखतात आणि मूल पहिल्याच दिवशी घोड्याचं नाव टाकतं.

अंगावर काय घालायचं

पुढून बंद, टाचेला घट्ट बसणारे बूट. चपला घालून येणाऱ्याला परत पाठवतात आणि ते योग्यच आहे. ओढणी, लोंबते कानातले, बांगड्या, गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र, अत्तर यातलं काही नको. फोन पागेबाहेर ठेवा. खिशात गूळ किंवा गाजर ठेवू नका. हातातून खाऊ मिळायला लागला की घोडा प्रत्येक हात चाचपतो आणि मुलांची बोटं चावली जातात. खाऊ द्यायचाच तर काम संपल्यावर, बादलीत.

मुलाचं हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. सायकलचं चालत नाही, कारण ते डोक्याची मागची बाजू तितकी झाकत नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट. हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. वेणी खाली घालावी, अंबाडा नको. ज्याच्या डोक्यात पाणी काढणारी शंटची नळी आहे त्याला हेल्मेट नळीवर दाबत नाही ना हे पालकांसमोर पाहावं. जोरात आपटलेलं हेल्मेट तडा दिसत नसला तरी बाद. स्वमग्न मुलांना डोक्यावरचा दाब सहन होत नसेल तर हेल्मेट आठवडाभर घरी द्यावं आणि रोज पाच मिनिटं, टीव्ही बघताना, घालायला सांगावं. घोड्यापाशी झटापट करण्यापेक्षा हे बरं.

घोडा धरणारा

घोड्याच्या डाव्या बाजूला, त्याचं डोकं आणि खांदा यांच्या मध्ये चाला. दोर मोरकीला (घोड्याच्या डोक्यावर चढवलेल्या पट्ट्यांना) बांधलेला असावा, तोंडातल्या कडीला नाही. उजव्या हाताने दोर मोरकीपासून वीतभर मागे धरा. उरलेला दोर डाव्या हातात, आठच्या आकड्यासारखा घडी करून. हाताभोवती गुंडाळू नका. घोडा उधळला तर गुंडाळलेला दोर बोटं तोडतो किंवा माणसाला फरपटत नेतो. वितीपेक्षा जवळ धरलं तर घोड्याला मान हलवता येत नाही आणि मान अडकली की पाठही ताठ होते.

नजर पुढे, दहा पावलांवर. घोड्याच्या डोळ्यांत बघत उलटं चाललं तर तो थांबतो. वळणं मोठी घ्या, २० मीटरच्या वर्तुळापासून सुरुवात करा. लहान वर्तुळात मुलाचं धड बाहेर फेकलं जातं आणि बाहेरच्या सोबत्यावर भार येतो. दोन घोड्यांमध्ये किमान दोन घोड्यांच्या लांबीएवढं अंतर ठेवा.

नव्या माणसाची सर्वात मोठी चूक घाई. प्रशिक्षक म्हणतो, “रोहन, घोड्याला थांबव,” आणि धरणारा स्वतःच थांबवतो. मुलाला ऐकून, समजून, हात हलवायला वेळ लागतो. मनात पाच आकडे मोजा. मुलाने लगाम ओढला किंवा ‘थांब’ म्हटलं की मगच, एका लांब पावलात, हळूहळू थांबा. तुम्ही अगोदर थांबवलंत तर मूल त्या तासात काहीच शिकत नाही. ते नुसतं बसून फिरतं. आणि गचकन थांबलात तर ते मानेवर आपटतं.

चढवणं

सगळ्यात जास्त अपघात होण्यासारखा क्षण हाच, म्हणून इथे प्रत्येकाचं काम बांधलेलं असतं. चढवतो प्रशिक्षक किंवा थेरपिस्ट, मदतनीस नाही.

१. तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, तपासा. तो तीनदा तपासायचा: खोगीर घालताना, चढवण्याआधी आणि पाच मिनिटं चालल्यावर. घोडा तंग आवळताना पोट फुगवतो, नंतर ढिला पडतो, त्यामुळे तिसरी तपासणी चुकवू नये.

२. चाकाच्या खुर्चीसाठी उतार असलेला कट्टा असतो. उताराला १ ला १२ हे प्रमाण, म्हणजे कट्टा ७५ सेंमी उंच असेल तर उतार ९ मीटर लांब. जागा वाचवायला उतार तीव्र केला की खुर्ची ढकलणारा मध्येच दमतो.

३. मूल कट्ट्यावर तयार बसल्यावरच घोडा आत आणा. कट्टा आणि समोरचा छोटा ओटा यांच्या मधल्या फटीत घोडा उभा राहतो. इथे मात्र धरणारा घोड्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी आत येतो आणि त्याच्या समोर, पण नाकाच्या अगदी रेषेत नाही, उभा राहतो. मधली फट वितीपेक्षा जास्त असेल तर घोडा बाहेर काढून पुन्हा आणा. मुलाला वाकवून भागवू नका.

४. दुसरा सोबती ओट्यावर, उजव्या बाजूला. मूल घसरलं तर पहिला हात त्याचा.

५. ज्याला पाय पुठ्ठ्यावरून टाकता येत नाही त्याला आधी आडवं, बाजूला पाय सोडून बसवतात आणि मग उजवा पाय मानेवरून पलीकडे नेतात. अशा वेळी घोड्याने डोकं वर उचललं तर पायाला लागतं, म्हणून धरणाऱ्याने मान खाली ठेवून घ्यायची.

६. ताठर मांड्या असलेल्या मुलाला बसवल्यावर पाय लगेच खाली खेचू नका. मिनिटभर थांबा. घोड्याच्या अंगाची ऊब लागली की पाय आपोआप सैल पडतात. खेचले तर जास्त आवळतात.

७. रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) पाय शेवटी. रबरी कडी सुटणारी किंवा पुढून टोपीसारखी बंद रिकीबच वापरतात, म्हणजे पाय आरपार जाऊन अडकत नाही. आणि कोणत्याही कारणाने मुलाला घोड्याला किंवा खोगिराला बांधायचं नाही. पालक प्रेमापोटी ओढणीने बांधा म्हणतात, तेव्हा नाही म्हणायची जबाबदारी प्रशिक्षकाची.

बाजूने चालणारा

सोबत्याने मुलाच्या पायाच्या रेषेत चालायचं, पुढेही नाही, मागेही नाही. मूल स्वतः बसू शकत असेल तर हात न लावता, नुसतं हाताच्या अंतरावर. जरा डळमळत असेल तर घोट्याला हलका हात. तोल अगदी नसेल तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात त्याच्या मांडीवर आडवा टाकून बोटांनी खोगिराची पुढची कड धरायची. हा धरायचा प्रकार नीट शिकून घ्या. घोडा बुजला तर मांडी खोगिरावर दाबली जाते आणि मूल जागच्या जागी राहतं.

यात हमखास होणाऱ्या चुका. कंबरेला मिठी मारणे: मूल तुमच्याकडे कलतं आणि दुसऱ्या बाजूचा सोबती नकळत उलट ओढतो, म्हणजे दोघंही मुलाला आपापल्या बाजूला पाडतात. मांडीवरचा हात हळूहळू जड होणे: नवा माणूस दमला की हाताचा भार मुलावर टाकतो. कोपर घोड्याच्या बरगडीत रुतणे: घोडा शेपटी आपटतो, कान मागे पाडतो, आणि आपण म्हणतो घोडा खराब आहे.

खांद्याच्या उंचीवर हात धरून वाळूत अर्धा-पाऊण तास चालणं सोपं नाही. बुटक्या माणसाला उंच घोडा देऊ नये. हात अवघडला तर बाजू बदला, पण प्रशिक्षकाला सांगून, घोडा पूर्ण थांबवून, एका वेळी एकानेच. दोघांनी एकदम हात काढला असं कधी व्हायचं नाही. घोड्याच्या मागून जाऊ नका. पुढून, धरणाऱ्याला सांगून जा.

बोलायचं किती? सूचना एकट्या प्रशिक्षकाची. दोन्ही सोबती दोन कानांत “उजवीकडे बघ”, “हात सोड” सांगायला लागले की मुलाचं डोकं गोंधळतं. आणि मुलाच्या डोक्यावरून आपसात गप्पा नकोत, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

काय बिघडतं

घोडा बुजला तर: धरणारा घोड्यापाशीच राहतो, सोबती मुलापाशीच. नवा धरणारा मूल पडतंय असं वाटून दोर सोडून मुलाकडे धावतो आणि मग घोडाही मोकळा सुटतो. सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवावा, उदाहरणार्थ ‘धरा’. तो ऐकला की दोन्ही सोबत्यांचे हात मांडीवर. मूल पडलंच तर धरणारा घोडा लांब नेतो, बाकीचे घोडे जागीच थांबतात, आणि मुलाला प्रशिक्षक येईपर्यंत उचलायचं नाही.

फिट आली तर घोडा थांबवा, दोन्ही मांड्या दाबून धरा, तोंडात काही घालू नका. उतरवायचं का आणि कसं हे प्रशिक्षक ठरवेल.

आपल्याकडचे काही खास त्रास परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. पावसाळ्यात माश्या पोटाला बसल्या की घोडा मागचा पाय पोटाखाली झटकतो आणि तो सोबत्याच्या नडगीवर बसतो. पत्र्याच्या छतावर सर कोसळली की आवाजाने घोडे बुजतात, म्हणून ढग दाटले की वर्ग थांबवलेला बरा. गणपतीत ढोल-ताशांचा सराव जवळ चालू असेल किंवा दिवाळीचे फटाके असतील तर ते दिवस सरळ सुट्टीचे. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटोपा. पाथच्या मानकांत घोड्याला दिवसाला जास्तीत जास्त ६ तास आणि सलग ३ तास काम अशी वरची मर्यादा आहे. आपल्या उन्हाळ्यात तिच्या निम्म्यावर थांबलं तरी कुणी नाव ठेवणार नाही.

नवीन घोडा आणताना ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय पागेत घेऊ नका. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवता येतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे काम करतं.

उतरवल्यावर

घोड्यावरची वेळ बहुधा २० ते ४५ मिनिटं. मूल दमलं की मान पुढे कलते, हात खोगिरावर टेकतात. घड्याळ पाहत बसू नका. उतरवताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढा. एकच काढून दुसरा विसरणं ही जुनी चूक. खाली उतरल्यावर मुलाचे पाय लटपटतात, म्हणून क्षणभर धरून ठेवा, मग खुर्चीकडे न्या.

आता घोडा. खोगीर काढल्यावर पाठीवरचा घामाचा ठसा पाहा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. मध्येच एखादा कोरडा चट्टा दिसला तर तिथे खोगीर जास्त दाबतंय. खुरांतली माती आकडीने काढा, खरारा करा, पाणी दाखवा. मोतद्दाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं: चंदी खाल्ली का, लीद नेहमीसारखी आहे का. घोडा पोटाकडे वळून वळून बघत असेल, पुन्हा पुन्हा लोळत असेल तर पोटशूळ समजा आणि पशुवैद्याला लगेच बोलवा.

शेवटी वहीत तीन ओळी. मूल किती मिनिटं बसलं, हाताचा कोणता आधार द्यावा लागला, काय बदललं. ‘छान झालं’ असं लिहू नका. ‘१८ मिनिटं, दोन्ही बाजूंनी मांडीवर हात, शेवटच्या दोन फेऱ्यांत उजवा हात काढता आला’ असं लिहा. खाली घोड्याचं नाव, आणि पाठीवर कोरडा चट्टा दिसला असेल तर त्याच्यापुढे ‘उद्या विश्रांती, खोगीर बघणे’.